शेतात, डोंगरावर हॅम रेडिओ : बॅटरी केवढी, पॅनेल केवढं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. अचलपूर तालुक्यात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा देऊन व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन (स्टेशनची अधिकृत ओळख) मिळालं आहे. रेडिओ आहे झिगू जी९०, २० वॅटचा. गावातल्या घरून काम करणं जवळपास अशक्य आहे. आजूबाजूला स्वस्त एलईडी दिवे, घरोघरी इन्व्हर्टर, गल्लीच्या तोंडाशी डीपी. ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर एस-मीटर, म्हणजे संकेताचा जोर दाखवणारा मीटर, सातच्या खाली येत नाही आणि त्याखालचं सगळं खरखरीत बुडून जातं. तोच रेडिओ, तीच तार शेतात नेली की बँड मोकळा होतो. सकाळची नेट्स, म्हणजे ठरलेल्या वेळी हॅमांच्या गटाचं बोलणं, स्पष्ट ऐकू येतात, दक्षिणेकडची कमी पॉवरची स्टेशनंसुद्धा.

शेतात थ्री-फेज आहे, पण ती पंपाची. या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. आणि लाईन असली तरी मला ती नकोच आहे, कारण तिच्यासोबत खरखरही येते. म्हणून बॅटरी आणि सोलर. शाळेतली काही मुलं फार उत्सुक आहेत, त्यांना हिवाळ्यात चिखलदऱ्याला नेऊन दिवसभराचं स्टेशन लावायचा विचार आहे. पाच-सहा तास तरी चाललं पाहिजे.

बॅटरी कोणती आणि किती एएचची (अँपिअर-तासांची)? पॅनेल किती वॅटचं? आणि चार्ज कंट्रोलर रेडिओत आवाज करतो असं ऐकलंय, त्याचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

वैनगंगेकाठचा

सर, अभिनंदन आणि स्वागत. मुलांना सोबत घेताय हे वाचून फार बरं वाटलं.

दुकानात जाण्याआधी कागद-पेन घेऊन एक हिशेब करा. बहुतेक जण रेडिओ किती वॅटचा यावरून बॅटरी ठरवतात. पण बाहेर चालवताना रेडिओ ऐकताना किती करंट खातो याला तेवढंच, कधीकधी जास्तच महत्त्व असतं. आपण बोलतो थोडा वेळ, ऐकतो दिवसभर.

तुमचा जी९० ऐकताना साधारण अर्धा अँपिअर घेतो, बोलताना जास्तीत जास्त ८ अँपिअर. एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या नेहमीच्या मोडवर, बोलताना करंट सतत ८ वर नसतो, शब्दाबरोबर वरखाली होतो, म्हणून सरासरी निम्मा धरा. तासातली १० मिनिटं बोललात आणि ५० मिनिटं ऐकलंत, तर बोलण्यात ०.६७ एएच आणि ऐकण्यात ०.४२ एएच गेले. एकूण १.१. सहा तासांचे साडेसहा एएच झाले.

हाच हिशेब १०० वॅटच्या आयकॉम ७३००ला लावा. तो ऐकताना एक अँपिअरच्या आसपास आणि बोलताना २१ अँपिअरपर्यंत घेतो. तासाला अडीचच्या वर, सहा तासांना १५-१६ एएच. उलट बाजूला ५-६ वॅटचा याएसू ८१८ घ्या. त्याला सहा तासांना साडेतीन एएच पुरतात, आणि त्यातला बराचसा वाटा नुसत्या ऐकण्यात जातो.

आता २० वॅटवरून १०० वॅटवर गेल्याने समोरच्याला फरक किती पडतो? ७ डीबी. म्हणजे त्याच्या मीटरवर एक एस-युनिट आणि थोडंसं. त्यासाठी जवळपास अडीच पट बॅटरी वाहायची. ते एक एस-युनिट तारेची उंची आणि जागा सुधारून पुष्कळदा फुकट मिळतं. तुमचे २० वॅट बाहेरच्या कामासाठी उत्तम आहेत, ते सोडू नका.

मोड बदलला की आकडे बदलतात तेवढं लक्षात ठेवा. एफटी८मध्ये, म्हणजे संगणकाने छोटे निरोप पाठवायच्या डिजिटल मोडमध्ये, १५ सेकंदांच्या खेपेत १२.६४ सेकंद पूर्ण पॉवर जाते. एक खेप सोडून एक अशी सतत हाक देत राहिलात तर तासाला साडेतीन एएचच्या वर जाईल, एसएसबीच्या तिप्पट. तिथे पॉवर ५ वॅटवर आणा. एफटी८ला तेवढी भरपूर होते.

पांढरं_सोनं

सर, यवतमाळ जिल्ह्यातून लिहून राहिलो. कापूस, तूर. लायसन नाही अजून, पण ऐकायचा लय नाद हाय. मले एक सांगा, आमच्या इकडं घरोघरी फवारणीचा बॅटरी पंप हाय. त्यात बारा व्होल्टची बॅटरी असते, आठ नाहीतर बारा एएच. त्याच बॅटरीवर रेडिओ चालत नाही का? हंगाम आषाढ ते दसरा, बाकीचा सारा वेळ पंप कोपऱ्यात पडून राह्यते.

सोल्डरगन

पांढरं सोनंभाऊ, प्रश्न फार कामाचा आहे. उत्तर : चालतो, पण रेडिओ लहान असेल तर.

पंपातली बॅटरी सहसा सीलबंद लेड-अ‍ॅसिड असते, यूपीएसमध्ये असते त्याच जातीची. तिच्यावर लिहिलेले ८ एएच हे वीस तासांत हळूहळू काढले तर मिळतात, म्हणजे ०.४ अँपिअरने. ऐकण्यासाठी हे अगदी योग्य. पण तिच्यातून ८ अँपिअर ओढले तर हातात निम्म्याच्या आसपासच पडतं, आणि व्होल्टेज लगेच खाली बसतं. शिवाय ही बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करत गेलात तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे ८ एएचमधले भरवशाचे ४ धरा. ५ वॅटच्या रेडिओला दिवसभर पुरतील, जी९०ला दुपारपर्यंतही पुरणार नाहीत.

आणि तुमच्या "कोपऱ्यात पडून राह्यते" या वाक्यातच त्या बॅटरीचं मरण आहे. लेड-अ‍ॅसिड रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. शेवटची फवारणी झाली की त्याच दिवशी पूर्ण चार्ज करायची, मग महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज. एवढं केलं तर पंपही पुढच्या खरिपात चालेल आणि मधल्या काळात रेडिओही.

सरांसाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे : लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानदार एलएफपी म्हणतात ती, चार सेल सिरीजमध्ये, १२.८ व्होल्ट, १२ एएच. कारणं सांगतो.

बहुतेक रेडिओ १३.८ व्होल्टला बनवलेले असतात, वरखाली १५ टक्के. म्हणजे ११.७ ते १५.८. लेड-अ‍ॅसिड भरलेली असताना १२.७ दाखवते आणि बोलायला लागलं की १२च्या खाली घसरते. लॅपटॉपवाले लिथियम-आयन सेल तीन लावले तर भरलेले १२.६ आणि रिकामे ९, म्हणजे अर्धा वेळ रेडिओच्या गरजेच्या खाली. चार लावले तर भरलेले १६.८, म्हणजे रेडिओच्या मर्यादेच्या वर. असा पॅक थेट जोडून रेडिओ जाळू नका. एलएफपीचे चार सेल भरताना १४.४-१४.६ आणि नंतर जवळजवळ शेवटपर्यंत १३.२ ते १२.९ यांच्यामध्ये राहतात. रेडिओच्या पट्ट्यात नेमके बसतात. पूर्ण पॉवर शेवटपर्यंत मिळते, आवाज फाटत नाही.

वजन लेड-अ‍ॅसिडच्या निम्म्याहून कमी. ८० टक्के काढून घेतली तरी तक्रार नाही. चार्जिंगच्या फेऱ्या दोन हजारांच्या पुढे. किंमत जास्त वाटते, पण वर्षांवर वाटली तर हीच स्वस्त पडते. तुमची गरज साडेसहाची, बॅटरी १२ची. सूर्य उगवला नाही तरी दिवस निघतो.

एक अडचण आहे. व्होल्टेज सपाट राहतं म्हणून नुसत्या मल्टिमीटरने किती उरलं ते कळत नाही. अँपिअर-तास मोजणारं छोटं वॉटमीटर मधे लावा. मुलांनाही त्यात शिकण्यासारखं खूप आहे, बोलताना आणि ऐकताना करंट कसा बदलतो ते डोळ्यांनी दिसतं.

गाविलगड

चिखलदऱ्याबद्दल थोडं. जागा छान आहे, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास, सभोवती दऱ्या. पॉइंटवर स्टेशन लावताना रस्त्याकडेची, वस्तीपासून लांबची जागा घ्या. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत शिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी काढा. वायरलेस संच आणि उंच तार पाहून वनरक्षक विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं. लायसन्सची प्रत जवळ असू द्या.

माझा मुद्दा वायरचा. बॅटरी उत्तम घेतात आणि वायर पंख्याची लावतात. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम. तीन मीटर लांब जोडी म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, ०.११ ओहम. ८ अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वायरमध्येच गेले! २.५ची वायर घ्या आणि एक-दीड मीटरवर ठेवा. तोटा पाव व्होल्टच्या आत येतो.

फ्यूज बॅटरीच्या तोंडाशी, पॉझिटिव्हवर. रेडिओजवळचा फ्यूज रेडिओ वाचवतो, पण मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग थांबवत नाही. एलएफपी बॅटरी शॉर्टमध्ये प्रचंड करंट देते. मुलं सोबत आहेत, यात तडजोड करू नका.

पळसफूल

धागा फार उपयोगी आहे. मी चंद्रपूरची, अभियांत्रिकीला आहे, परीक्षेचा अभ्यास सुरू आहे. कनेक्टर कोणते घ्यावेत? क्रोकोडाइल क्लिप चालतील का?

गाविलगड

पळसफूल ताई, क्लिप नको. हात लागून उलट बसली की रेडिओ गेला. लाल-काळे अँडरसन पॉवरपोल घ्या. आपत्तीच्या वेळी दुसऱ्याची बॅटरी आपल्या रेडिओला सहज जोडता यावी म्हणून जगभरातले हॅम हेच वापरतात. ते मिळाले नाहीत तर ड्रोनवाल्यांकडे मिळणारे पिवळे एक्सटी६०. दोन्ही उलटे बसत नाहीत. गटात सगळ्यांनी एकच प्रकार ठरवा.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एलएफपी १२ एएच नक्की करतो. आता पॅनेल. दुकानदार म्हणतो १०० वॅट घ्या आणि एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, पीडब्ल्यूएम म्हणजे पैसा पाण्यात. आपल्याकडे ऊन भरपूर, मग लहान पॅनेलवर भागणार नाही का?

सोल्डरगन

सर, नीट वाचा, कारण इथे विदर्भाचं गणित पुस्तकातल्यापेक्षा वेगळं पडतं.

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. आपल्याकडे मेमध्ये हवाच ४५ अंशांची. उन्हातल्या पॅनेलचे सेल ६५-७० अंशांना जातात. सिलिकॉन सेलची पॉवर प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. ४० अंश वर गेले म्हणजे १६ टक्के गेले. ५० वॅटचं पॅनेल ४२वर आलं.

घटते ती मुख्यतः व्होल्टेजमध्ये, करंट जवळपास तेवढाच राहतो. आता कंट्रोलर पाहा. पीडब्ल्यूएम हा पॅनेलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर बसवतो, जास्तीचं व्होल्टेज वाया जातं, करंट तेवढाच मिळतो. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचा करंट करून देतो. म्हणून पॅनेलचं व्होल्टेज जितकं बॅटरीच्या वर, तितका एमपीपीटीचा फायदा.

५० वॅट, १८ व्होल्टचं पॅनेल भर उन्हात २.८ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएमवर तुम्हाला तेच २.८ मिळतील. मेच्या दुपारी एमपीपीटीवर ४२ वॅट, कंट्रोलरचा तोटा वजा जाता ४०, भागिले १३.३ व्होल्ट, म्हणजे ३ अँपिअर. फरक सात-आठ टक्क्यांचा. डिसेंबरच्या गार सकाळी चिखलदऱ्यावर हाच फरक वीस टक्क्यांच्या पुढे जाईल. तरी २.८ अँपिअरने पाच तासांत १४ एएच येतात आणि तुमची गरज साडेसहाची. ५० वॅट आणि साधा पीडब्ल्यूएम तुम्हाला पुरेसा आहे. सध्या दुकानदाराचं ऐकू नका.

कंट्रोलरवर एलएफपीची सेटिंग आहे ना ते मात्र बघून घ्या. लेड-अ‍ॅसिडच्या सेटिंगमध्ये काही कंट्रोलर अधूनमधून इक्वलायझेशनसाठी १५ व्होल्टच्या आसपास चढवतात, ते एलएफपीला चालत नाही. आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलर आधी बॅटरीचं व्होल्टेज ओळखतो. बॅटरी नसताना पॅनेलचे २१-२२ व्होल्ट त्याच्यावर आले तर स्वस्त कंट्रोलर बिचकतात, आणि त्यांच्या लोडवर रेडिओ असेल तर तो धोक्यात येतो.

आता उन्हाबद्दल. पॅनेल उन्हात, बॅटरी सावलीत, हा नियम पाळा. बहुतेक एलएफपी सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असं बनवणारे सांगतात. पॅनेलच्या पाठीमागे बॅटरी ठेवण्याची सवय वाईट, कारण तिथून गरम हवेचा झोत येतो. बंद गाडीत तर मुळीच नको. लेड-अ‍ॅसिडचं तर दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मं होतं असं धरतात. आपल्या भागात बॅटऱ्या लवकर जातात त्याचं मोठं कारण हेच.

वैनगंगेकाठचा

सोल्डरगन यांनी फार नेमकं लिहिलं. दिशेबद्दल थोडी भर. आपण २१ अक्षांशाच्या आसपास आहोत. मेअखेर आणि जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा पॅनेल आडवं ठेवलं तरी चालतं. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो, तेव्हा पॅनेल दक्षिणेकडे ४५ अंश उभं करा. हिवाळ्यात आडवं ठेवलं तर दुपारीही तीस टक्क्यांच्या आसपास घालवाल. शेतात असाल तर तासा-दोन तासांनी सूर्याकडे वळवत जा. हे काम मुलांना द्या, सावलीची काठी रोवून.

सावली फार वाईट. छत्तीस सेल एका रांगेत जोडलेले असतात. एका सेलवर पळसाचं एक पान पडलं तर त्या रांगेतला करंट तिथे अडतो, आणि लहान पॅनेलमध्ये बायपास डायोड असले तरी निम्मं पॅनेल जातंच. झाडाखाली बसा तुम्ही, पॅनेल मोकळ्यावर.

पळसफूल

आवाजाचं राहिलं. आमच्या कॉलेजच्या गच्चीवर पॅनेल जोडलं की ७ मेगाहर्ट्झवर ठराविक अंतरावर शिट्ट्या येतात. पॅनेल काढलं की जातात.

सोल्डरगन

ताई, तो कंट्रोलरच. एमपीपीटीच्या आत करंट सेकंदाला हजारो वेळा तोडला-जोडला जातो आणि त्या वारंवारतेची पटींतली भावंडं वर एचएफपर्यंत, म्हणजे आपल्या शॉर्टवेव्ह बँडपर्यंत, येतात. पीडब्ल्यूएमही चालू-बंद करतो, पण सावकाश, म्हणून सहसा कमी त्रास देतो. पॅनेलपासून येणारी लांब वायर ही अँटेनाचं काम करते आणि तो आवाज हवेत सोडते.

खात्री करायची असेल तर पॅनेलवर गोधडी टाका. आवाज गेला तर दोष कंट्रोलरचा. मग या क्रमाने करा. पॅनेलची आणि बॅटरीची वायर, दोन्ही तारा एकमेकींत पिळून घ्या. त्या दोन्ही एकत्रच एका फेराइट रिंगमधून सात-आठ वेळा गुंडाळा, कंट्रोलरच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना. फेराइट ३१ मिक्सचं बघा, ४० आणि ८० मीटरला तेच चांगलं. नुसती एकदा वायर घातलेली क्लिप खालच्या बँडवर फारसं काही करत नाही, वेढे हवेत. पॅनेल अँटेनाच्या तारेपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या.

आणि सगळ्यात साधं : पॅनेलच्या वायरवर एक स्विच. दूरचं, क्षीण स्टेशन ऐकायचं असेल तेव्हा पॅनेल बंद, बॅटरीवर ऐका. संवाद संपला की चालू. तुमची बॅटरी पुरेशी असेल तर या स्विचने नव्वद टक्के तक्रार मिटते. मोबाईलचे १२ व्होल्टवर चालणारे यूएसबी चार्जरही असाच आवाज करतात. त्यांची वेगळी बॅटरी ठेवा.

पांढरं_सोनं

सर, आमच्या वावरात अजून एक आवाज येते. टक... टक... टक... दर सेकंदाले एक. सारी रात्र. तो कोणता?

वैनगंगेकाठचा

भाऊ, आजूबाजूला झटका मशीन आहे का?

पांढरं_सोनं

हाय न! रोही (नीलगाय) आणि डुकरांसाठी. आमचीच हाय, अन् शेजाऱ्याचीही.

वैनगंगेकाठचा

तोच आवाज. झटका मशीन दर सेकंदाला एक उच्च दाबाचा ठोका तारेत सोडते. तार नीट असेल तर रेडिओवर फारसं कळत नाही. पण तारेला ओलं गवत, तुरीची फांदी लागली, किंवा इन्सुलेटर तडकलेला असेल, तर प्रत्येक ठोक्याला तिथे ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे सगळ्या बँडवरचा ट्रान्समीटर. रात्री टॉर्च न लावता अंधारात तारेच्या कडेने, पण हात लांब ठेवून चाला, ठिणगी दिसते आणि कानाला टकटक ऐकू येते. गवत छाटलं, इन्सुलेटर बदलला की तुमचा रेडिओ शांत होईल, आणि झटक्याचा जोरही वाढेल. शेजाऱ्यालाही त्याचा फायदा सांगा, तो आनंदाने दुरुस्त करेल. मशीन दिवसा बंद करता येत असेल तर उत्तम.

इथे एक कळकळीची विनंती. झटका मशीन वेगळी आणि थेट लाईनचा करंट कुंपणात सोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराने आपल्या विदर्भात माणसं गेली आहेत, वाघ गेले आहेत. तो गुन्हा आहे. अँटेनाची तार टाकताना कोणत्याही कुंपणाच्या तारेजवळून नेऊ नका, कारण ते कुंपण कशाला जोडलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. ११ केव्हीच्या लाईनखाली किंवा तिच्या पोहोचेत तार फेकणं तर कधीच नको.

सौर कृषी पंपाचा कंट्रोलरही मोठा आवाज करतो, दिवसा, ऊन चढलं की. त्यावर इलाज एकच, अंतर. दोन-तीनशे मीटर लांब बसा.

पूर्णाकाठ

हे सगळं छापून वर्गात लावण्यासारखं आहे. वैनगंगेकाठचे काका, तुम्ही गडचिरोलीकडचे आहात असं जुन्या धाग्यावर वाचलं होतं. पुराच्या वेळी या सोलरचा उपयोग किती होतो? मुलांना तेच सांगायचं आहे, की हा नुसता छंद नाही.

वैनगंगेकाठचा

सर, हा प्रश्न विचारलात म्हणून मोकळेपणाने लिहितो, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

आमच्या भागात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याचं आहे. २०२०च्या ऑगस्टमध्ये गोसेखुर्द धरणातून पाणी सोडल्यावर वैनगंगेने चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांतली गावं वेढली. वीज जाते, मग मोबाईल टॉवरची बॅटरी संपते, डिझेल पोहोचत नाही. अशा वेळी ४० मीटरवर कमी उंचीचा डायपोल (मधोमध जोडलेली दोन भुजांची तारेची अँटेना), जमिनीपासून तीन-चार मीटर, एकूण लांबी सुमारे २० मीटर, दिवसा गडचिरोली ते नागपूर थेट बोलणं करून देतो. संकेत जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये खाली येतो. मध्ये टॉवर नाही, केबल नाही. २००४च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद नेमक्या हॅम मोहिमेवर होत्या आणि त्यांच्या स्टेशनवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर गेले, हे मुलांना जरूर सांगा.

पण पुराच्या दिवसांत आकाश दाट ढगांनी भरलेलं असतं. पॅनेल लिहिलेल्या क्षमतेच्या दहावा ते पाचवा भाग देतं. तुमचं ५० वॅटचं पॅनेल दिवसाला दोन-तीन एएच देईल, मेमध्ये देतं तसे चौदा नाही. म्हणून पावसाळ्यात पॅनेलच्या भरवशावर राहायचं नाही, शिस्तीच्या भरवशावर राहायचं.

आता पहिला हिशेब पुन्हा पाहा. अर्धा अँपिअर, चोवीस तास ऐकणं चालू, म्हणजे दिवसाला १२ एएच. तुमची सगळी बॅटरी नुसत्या ऐकण्यात एका दिवसात संपली, एक शब्द न बोलता. त्याऐवजी सगळ्या स्टेशनांनी ठरवलं की दर तासाच्या ठोक्याला १० मिनिटंच रेडिओ लावायचा, तर दिवसाला ४ तास, २ एएच. निरोप आधी कागदावर लिहून, थोडक्यात, ५ वॅटवर पाठवले तर त्यात आणखी एखादा एएच. म्हणजे ढगाळ दिवसाचं पॅनेल जेवढं देतं जवळपास तेवढंच खर्चायचं, आणि बॅटरी आठवडाभर टिकते. यासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही. सगळ्यांची घड्याळं जुळवा आणि वेळापत्रक पाळा. हा सराव मुलांकडून करून घ्या, चिखलदऱ्याच्या दिवशीच. आकाशात गडगडाट असेल तर अँटेना रेडिओपासून काढून बाहेर टाका आणि सगळ्यांना आत घ्या, निरोप नंतर.

पांढरं_सोनं

काका, हे वाचून परीक्षेचा फॉर्म भरायचं पक्कं केलं. लायसन शिवाय नुसतं ऐकलं तं चालते न तोपर्यंत?

पळसफूल

दादा, ट्रान्समिटचं बटण लायसन्सशिवाय दाबायचं नाही हे नक्की. अभ्यास करताना एवढं वाचलंय की दोन श्रेणी आहेत, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड, आणि लायसन्स केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या, दिल्लीच्या डब्ल्यूपीसी विभागाकडून मिळतं. सोबत अभ्यास करू, मी माझ्या नोट्स पाठवते.

पूर्णाकाठ

१२ एएच बॅटरी, ५० वॅट पॅनेल, पीडब्ल्यूएम, फेराइट, फ्यूज, २.५ची वायर, पॅनेलला स्विच. यादी पक्की. एकच शेवटचं. ऑनलाईन निम्म्या किमतीत १२ एएच लिहिलेल्या बॅटऱ्या दिसतात. खऱ्या की खोट्या हे घरी कसं तपासायचं?

सोल्डरगन

सर, बल्बने. मोटरसायकलच्या दुकानातून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणा. तो १२.८ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. बॅटरी पूर्ण भरा, तासभर शांत ठेवा, वॉटमीटर मधे लावा आणि बल्ब पेटवा. खरी १२ एएच बॅटरी साडेसहा-सात तास पेटवेल. तीन-साडेतीन तासांत विझला तर आतला माल सहाचा आहे, परत पाठवा. ११ व्होल्टला येताच थांबवा, बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या संरक्षण सर्किटने) तोडण्याची वाट पाहू नका.

बीएमएसचा आकडाही विचारून घ्या. काही स्वस्त पॅकमध्ये १० अँपिअरचा असतो. तुमच्या जी९०ला ८ लागतात म्हणजे तो काठावर चालेल, २० अँपिअरचाच मागा. उद्या कुणी १०० वॅटचा रेडिओ जोडला तर पहिल्याच शब्दाला १०चा बीएमएस सगळं बंद करेल. वजनही करून पाहा, खरी १२ एएच एलएफपी दीड किलोच्या आगेमागे भरते. सुटे १८६५० सेल घेऊन पॅक बांधणार असाल तर ९,९०० एमएएच लिहिलेले बाजूला ठेवा. त्या आकाराच्या सेलमध्ये साडेतीन-चार हजारांपुढे काही मावत नाही.

बल्ब चाचणी मुलांकडून करून घ्या. दर अर्ध्या तासाला व्होल्टेज वहीत लिहायला सांगा आणि आलेख काढायला लावा. पंपाची जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरीही त्याच बल्बवर लावा आणि दोन्ही रेषा एकाच कागदावर येऊ द्या. आलेख इथे टाका, मला बघायचाय.